२३ जून : टीचभर घरगड्याचा गृहप्रवेश

२००५ साली आजच्या दिवशी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी ‘चिबी-रोबो!’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. ‘स्किप’ या कंपनीने तो घडवला आणि मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी त्यात जातीने लक्ष घातले. नायक जेमतेम १० सेंटिमीटरचा यंत्रमानव. त्याच्या वाट्याला आलेले सँडरसन कुटुंब मात्र धड नाही. बाप बेकार, तरी खेळण्यांवर पैसे उधळतो. आई खर्चाने मेटाकुटीला आलेली. आणि मुलगी जेनी बेडकाची टोपी चढवून नुसती डराव-डराव करते. चिबी बिचारा टूथब्रशने फरशीवरचे डाग घासतो, कचरा वेचतो. पावलागणिक बॅटरी उतरते, म्हणून शेपटीसारखा लोंबणारा प्लग हातात धरून भिंतीतले सॉकेट गाठायचे. एकेक पायरी म्हणजे त्याला गडच! शत्रूंना लोळवण्यापेक्षा घरच्यांना खूश करण्याचे गुण जास्त, हे त्या काळी वेगळेच होते.

२००७च्या पुढच्या भागात तो बागेत फुले फुलवू लागला. २०१५च्या ‘झिप लॅश’मध्ये प्लगचा चाबूक झाला, घरकाम मागे पडले आणि मालिकेची गंमतही. त्यानंतर नवा भाग आलेला नाही.