डंजनपर्यंतची वाट

माझा पीएचडीचा विषय ऐकला की हमखास प्रश्न येतो, "गेम्सना कसला आलाय इतिहास?" अशा वेळी मी एक तारीख सांगते: ८ डिसेंबर २००९. त्या दिवशी अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा ३.३ हा पॅच आला आणि त्यासोबत डंजन फाइंडर आला. एका बटणाने त्या जगाचा नकाशाच बदलला, असं म्हटलं तरी चालेल.

आधी काय होतं ते बघू. गेम सुरू झाला नोव्हेंबर २००४ मध्ये. डंजन म्हणजे पाच जणांनी मिळून लढायची जागा: एक मार झेलणारा टँक, एक हीलर आणि तीन हल्ला करणारे. हे पाच जण जमवायला शहरातल्या चॅटवर हाका मारायच्या. जमले की निघायचं. 'स्कार्लेट मॉनेस्टरी' हे डंजन टिरिस्फालमध्ये, म्हणजे होर्डच्या मुलखात. अलायन्सच्या खेळाडूंना शत्रूच्या प्रदेशातूनच तिथे पोचावं लागे. पुढे डंजनच्या दाराशी असलेल्या मीटिंग स्टोनवरून बाकीच्यांना बोलावून घ्यायची सोय झाली. पण त्या दगडापर्यंत निदान दोघांना तरी जावंच लागायचं.

डंजन फाइंडरमध्ये आपली भूमिका निवडायची आणि रांगेत लागायचं. गट जमला की थेट डंजनच्या आत, संपलं की होतो तिथे परत. राजधानीचं शहर हीच मग लॉबी झाली. अनेक जण तिथेच उभे राहून रांग पुढे सरकायची वाट बघू लागले.

यामुळे त्या जगात रमणं कमी झालं, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. या एका बटणाने तीन वेगवेगळी कामं केली. माणसं शोधून दिली. प्रवास वगळला. आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरचे खेळाडू एकत्र आणले. पहिलं काम काही नवं नव्हतं. गट शोधायच्या याद्या आधीही होत्या. फटका बसला तो उरलेल्या दोन कामांमुळे. रस्ता गेला, तसं 'स्कार्लेट मॉनेस्टरी' हे ठिकाण न राहता रांगेच्या यादीतलं एक नाव झालं. आणि एका सर्व्हरवर राहणारी माणसं पुन्हापुन्हा भेटत, त्यामुळे लूट ढापणाऱ्याचं नाव खराब होई. परक्या सर्व्हरवरचा माणूस उद्या भेटणारच नाही, मग कोण कशाला जपून वागेल?

पण जुन्या काळाच्या आठवणी सांगणारे बहुतेक वेळा टिकून राहिलेले खेळाडू असतात, हे विसरून चालणार नाही. रात्री पोरं झोपल्यावर तासभर मिळणाऱ्या माणसाला हीलर शोधण्यातच तो तास घालवावा लागे, आणि डंजन आतून बघायला मिळतच नसे. ओस पडलेल्या सर्व्हरवर तर पाच जण जमणंच मुश्कील. अशांसाठी या बटणाने दार बंद केलं नाही, उघडलं.

हा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये ब्लिझार्डने जुना गेम 'क्लासिक' म्हणून परत आणला, तो डंजन फाइंडरशिवाय. २०२२ मध्ये ज्या विस्ताराच्या काळात हे बटण आलं होतं तो विस्तार क्लासिकमध्ये आला, तेव्हाही ते मुद्दाम वगळलं. माणसं शोधायची यादी तेवढी ठेवली. २०२३ मध्ये मात्र ते परत आणावं लागलं.

म्हणून 'लॉबी चांगली की वाईट' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. लॉबीने नेमकं काय वाचवलं: वाट बघणं, की वाट चालणं? २००९ मध्ये ही दोन्ही एकाच बटणात बांधली गेली. ती वेगळी ठेवता आली असती, आणि इतिहास लिहिताना तरी ती वेगळी ठेवायलाच हवीत.