ठाण्याचा किल्ला व त्यांतील तुरुंग

ठाणें येथील मध्यवर्ती कारागृह ज्या तटाच्या आंत आहे तो तट तुरुंगासाठीं बांधलेला नाहीं. तो किल्ल्याचा तट आहे. किल्ल्यास आरंभ करणारे पोर्तुगीज, तो घेणारे मराठे व त्याचा तुरुंग करणारे इंग्रज, अशा तीन सत्तांच्या खुणा या एकाच वास्तूवर उमटल्या आहेत. तुरुंग येथून हलवावा व किल्ला लोकांस मोकळा करावा, अशी मागणी अलीकडे वेळोवेळीं होत असते. ती मान्य झाल्यास या वास्तूंतील काय राखावयाचें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांपुढें येणार आहे. त्याचा विचार आधींच व्हावा, म्हणून हें टिपण लिहीत आहों.

(१) साष्टीच्या रक्षणासाठीं पोर्तुगीजांनीं हातीं घेतलेलें या किल्ल्याचें काम पुरें होण्यापूर्वींच, मार्च १७३७ मध्यें, चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत ठाणें मराठ्यांच्या हातीं आलें. मे १७३९ त वसईही पडली. पुढें पेशव्यांच्या घरांतील कलह पाहून इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ च्या अखेरीस हल्ला करून ठाण्याचा किल्ला घेतला. येथें तारखांचा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. राघोबादादांशीं इंग्रजांचा सुरतेचा तह झाला तो मार्च १७७५ मध्यें. म्हणजे जी साष्टी तहानें मिळावयाची, ती तहापूर्वींच बळकावलेली होती. सालबाईच्या तहानें (१७८२) ती इंग्रजांकडेच कायम राहिली.

(२) या किल्ल्यांतील अत्यंत प्रसिद्ध कैदी म्हणजे त्रिंबकजी डेंगळे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास खून झाला. त्याचा आरोप त्रिंबकजीवर येऊन बाजीरावास त्याला इंग्रजांच्या स्वाधीन करावें लागलें. ठाण्यास त्याच्यावर गोऱ्या शिपायांचाच पहारा होता. एतद्देशीय शिपाई फितूर होतील ही भीति. परंतु हीच खबरदारी इंग्रजांस नडली. एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोडा फिरवीत खिडकीखालून जाई व गाण्याच्या मिषानें बाहेरील बातमी कैद्यास कळवी. पहारेकऱ्यांस मराठी कळत नसल्यानें कोणासही संशय आला नाहीं. ता. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्रीं त्रिंबकजी निसटला.

ही हकीगत कितपत ग्राह्य मानावी? तिचे दोन जुने आधार आहेत. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या ग्रंथांत मोतद्दाराचा उल्लेख केला आहे. आणि तो त्या काळीं दक्षिणेंत असून पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या वर्तुळांतील होता. दुसरा आधार बिशप हेबर याच्या प्रवासवर्णनाचा. हेबरनें १८२४ त चुनारच्या किल्ल्यांत कैदी त्रिंबकजीस स्वतः पाहिलें होतें, व पुढील वर्षीं मुंबई इलाख्यांत आल्यावर ही गोष्ट ऐकली. मात्र त्यानें दिलेलें गाणें इंग्रजी पद्यांत आहे. मूळ मराठी शब्द दिलेले नाहींत. तेव्हां मोतद्दार खरा मानण्यास हरकत नाहीं, पण हेबरचें पद्य हें त्या गाण्याचें भाषांतर म्हणून घेऊं नये, असें आमचें मत आहे. ज्यांच्या संग्रहीं त्या काळचे पोवाडे व लावण्या यांचीं बाडें असतील, त्यांनीं तीं या दृष्टीनें एकवार चाळून पाहावीं.

(३) पुढें किल्ला तुरुंगच झाला. महादेव कोळ्यांचे पुढारी राघोजी भांगरे यांस २ मे १८४८ रोजीं येथें फांशीं दिलें. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाबद्दल (२१ डिसेंबर १९०९) अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं याच तटाच्या आंत फांशीं देण्यांत आलें. अंदमानास पाठविण्यापूर्वीं वि. दा. सावरकर यांसही कांहीं काळ येथेंच ठेविलें होतें.

(४) आज या कारागृहांत मुख्यत्वें पुरुष कैदी असतात, आणि नेमलेल्या जागेहून त्यांची संख्या पुष्कळ अधिक असते. राज्यांतील फांशीची व्यवस्था आतां येरवडा व नागपूर येथें आहे, ठाण्यास नाहीं. २०२२ अखेर देशांतील कैद्यांपैकीं सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल लागावयाचा आहे असे, होते. ठाण्यासारख्या तुरुंगांवरील भाराचें मोठें कारण हेंच. जुन्या किल्ल्याचा तट वाढवितां येत नाहीं. आंतील माणसें मात्र वाढत जातात. म्हणून तुरुंग हलविण्याची मागणी केवळ इतिहासप्रेमाची नसून, त्या माणसांच्या दृष्टीनेंही रास्त आहे.

(५) आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तुरुंग गेल्यावर नंतरचें बांधकाम पाडून शुद्ध मराठी किंवा शुद्ध पोर्तुगीज किल्ला उभा करावा, असा मोह होणें स्वाभाविक आहे. आमच्या मतें तो टाळला पाहिजे. तट आजवर शाबूत राहिला, याचें एक कारण आंत तुरुंग होता हेंच आहे. ज्या खोल्यांतून राघोजी व कान्हेरे यांच्यासारखे कैदी बाहेर पडले ते फांशीकडे, त्या खोल्याही बुरुजांइतक्याच इतिहासाच्या आहेत. कागदावरील पुढल्या हाताचीं अक्षरें खोडून मूळ मजकूर कोणी वाचीत नाहीं. तो दोन्ही अक्षरें राखूनच वाचावयाचा असतो. म्हणून एक दगडही हलविण्यापूर्वीं सर्व वास्तूचें मोजमाप, नकाशे व छायाचित्रें व्हावींत, आणि कारागृहाच्या जुन्या नोंदवह्या पुराभिलेखांत सुरक्षित ठेवाव्यात. हें काम तुरुंग तेथें असतांनाच, अधिकाऱ्यांच्या संमतीनें, आरंभितां येण्याजोगें आहे.