बैहरची मोहाची भट्टी आणि तिचे आवाज

परदेशात घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींची एक नेहमीची तक्रार असते: पंप खडखडतो. कारण बहुधा साधंच निघतं. पंपात हवा अडकलेली असते, भांड्यापेक्षा पंप वर बसवलेला असतो, नाहीतर द्रव इतका तापलेला असतो की पंपात शिरतानाच त्यात वाफेचे बुडबुडे होतात. हवा काढली, पंप खाली घेतला की आवाज थांबतो.

आपल्या बालाघाट जिल्ह्यात, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या बैहरच्या पठारावर, गोंड आणि बैगा घरांत मोहाची दारू गाळण्याची जुनी रीत आहे. तिथे पंप नाही. तरी बिघाड ओळखायला कान तिथेही लागतोच.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचून वाळवायची, पाण्यात भिजवून आंबवायची. हा झाला सडवा. तो मडक्यात घालून चुलीवर चढवायचा. त्यावर बुडाला भोकं असलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत एक छोटं भांडं आणि सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं. अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी 100 ला. त्यामुळे वर चढणाऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं. ती वाफ थंड बुडाला लागून थेंब होते आणि आतल्या भांड्यात पडते. काही ठिकाणी वाफ नळीतून बाजूच्या मडक्यात नेतात. आधी येते ती ‘पहिल्या धारेची’, सगळ्यात कडक.

आता आवाज. सांध्यातून ‘फुस्स’ ऐकू आलं की समजायचं, मातीचा लेप तडकला. तिथे लगेच ओली माती लावायची, कारण ती वाफ पेट घेते आणि खाली चूल जळत असते. आत जोराची खदखद सुरू झाली की लाकडं मागे ओढायची. नाहीतर सडवाच उसळून वर येतो आणि दारू गढूळ होते. वरच्या पाण्याला मात्र हात लावून बघायचं. तापलं की बदलायचं, पुन्हा पुन्हा. परदेशातल्या घरी जे काम पंप करतो, ते इथे घागर घेऊन माणूस करतो.

या भट्टीवर पहिला घाला पडला तो सरकारी महसुलाचा. 1867 मध्ये बालाघाट जिल्हा झाला आणि बैहर त्याचं तहसील. त्याच काळात जंगलखात्याने बैगांच्या बेवर शेतीवर बंधनं आणली. 1890 मध्ये शेजारच्या मंडला जिल्ह्यात त्यांच्यासाठी बैगा चक राखून ठेवावा लागला. दारूचंही तसंच झालं. गाळण्याचा हक्क ठेकेदाराकडे आणि सरकारी परवान्याकडे गेला. 1915 चा मध्य प्रांत आबकारी कायदा नाव बदलून मध्य प्रदेशात आजही चालू आहे. जन्म, लग्न, मृत्यू आणि देवापुढची धार, या सगळ्यांत लागणारी वस्तू घरी करणं गुन्हा ठरलं. पुढे आदिवासींना घरापुरती गाळायला ठरावीक मर्यादेत सूट मिळाली. 1996 च्या पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांवर बंधन घालण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेपर्यंत आणला, आणि बैहर हे तसंच क्षेत्र आहे.

दारूने घरं बुडतात, हेही खरंच आहे. ते झाकायचं कारण नाही. पण आबकारीच्या नोंदीत भट्टी येते ती जप्तीचा माल म्हणून. लेप कुठल्या मातीचा, लाकूड कुठलं, पाणी किती वेळा बदललं, हे त्या नोंदीत कशाला येईल? व्हेरिअर एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ 1939 चा. त्यालाही आता आठ दशकं उलटून गेली. आता मातीच्या मडक्याच्या जागी बऱ्याच घरी जर्मनचं भांडं आलंय. भांडं बदललं की आवाजही बदलतो.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक सुचवावंसं वाटतं. बैहर-गढीकडे जाणं झालं, आणि घरच्यांची हरकत नसेल, तर जुन्या मडक्याचं नुसतं छायाचित्र काढून परतू नका. भट्टीचा कुठला आवाज आला की काय करायचं, तेही विचारून, त्यांच्याच बोलीतल्या शब्दांत लिहून आणा.