‘सेंद्रिय’मध्ये जीएम नको, हे ठरलं कधी?

सेंद्रिय शेतीत जीएम बियाणं चालत नाही, हे आज इतकं पाठ झालंय की या नियमालाही एक जन्मतारीख असेल, असं आपल्या मनातही येत नाही. संशोधनासाठी विषय शोधताय ना? मग अशा ‘मुळातच तसं असलेल्या’ गोष्टींपाशी जरा थांबा.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथली कागदपत्रं कुणालाही वाचता येतात. सेंद्रिय अन्नाबद्दलचा तिथला केंद्रीय कायदा 1990चा. त्यात कृत्रिम रसायनांवर बरंच काही आहे, जनुकीय बदलाबद्दल मात्र अवाक्षर नाही. यात नवल काहीच नाही. फ्लेव्हर सेव्हर टोमॅटो बाजारात आला 1994 साली, आणि जीएम सोयाबीन-मका शेतात पसरायला लागले ते 1996पासून. जो प्रश्न दारात उभाच नव्हता, त्याचं उत्तर कायद्यात कुठून येणार?

कायद्याखालचे नियम करायला कृषी खात्याला सात वर्षं लागली. 16 डिसेंबर 1997ला पहिला मसुदा आला आणि गदारोळ झाला तो तीन गोष्टींवरून: जीएम, अन्नावरची विकिरण प्रक्रिया आणि खत म्हणून सांडपाण्याचा गाळ. ‘सरकारने या तिन्हींना परवानगी दिली होती’ असं तुम्ही अनेक ठिकाणी वाचाल. पण मूळ मसुदा उघडून बघा. जीएमबाबत तिथे बंदीही नाही आणि स्पष्ट परवानगीही नाही. लोकांचं मत मागवलंय. खात्याच्याच सल्लागार मंडळाने जीएम नको असं आधी सांगितलेलं असताना हे मौन बाळगलं होतं, आणि लोक चिडले ते त्यामुळेच. दुय्यम साहित्यावर विसंबलात तर नेमका हा बारकावा हातातून निसटतो.

मतं आली 2,75,603. मे 1998मध्ये कृषिमंत्री डॅन ग्लिकमन यांनी तिन्ही गोष्टी वगळण्याचं जाहीर केलं, आणि डिसेंबर 2000च्या अंतिम नियमांत ‘वगळलेल्या पद्धती’ असा नवा शब्दप्रयोग अवतरला.

आता मोह होईल तो ‘विज्ञान विरुद्ध भावना’ अशी मांडणी करण्याचा. तो आवरा. बीटी म्हणजे मातीत सापडणारा एक जिवाणू; अळ्या मारायला त्याची फवारणी सेंद्रिय शेतकरी जीएम पिकं येण्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. त्याच जिवाणूचं जनुक मक्यात-कापसात घातलं की अळीला हंगामभर तेच विष मिळणार, अळी त्याला सरावणार, आणि मग फवारणी कुचकामी होणार, ही त्यांची धास्ती होती. हे लोक जनुकशास्त्राला घाबरत होते म्हणणं सोपं आहे. खरं तर ते उत्क्रांतीचाच हिशेब मांडत होते. (गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला कशी सरावली, हे विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.)

मला स्वतःला सगळ्यात रस वाटतो तो त्या व्याख्येत. बंदी आहे ती पद्धतीवर. पीक तपासलं आणि जीएमचा अंश सापडला, तर तेवढ्यावरून नियमभंग झाला असं आपोआप ठरत नाही. शेतकऱ्याने काय वापरलं ते बघतात. पेशी-संयोग बाद, ऊतीसंवर्धन आणि संकर चालतात. आणि किरणांचा मारा करून घडवलेल्या उत्परिवर्तनाचं काय? व्याख्येत त्याचं नावच नाही.

हा प्रश्न आपल्या अगदी जवळचा आहे. टीएजी-24 हे भुईमुगाचं वाण ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर तयार केलं. त्याच्या वंशावळीत क्ष-किरणांनी घडवलेली उत्परिवर्ती रोपं आहेत, तरी त्याला कुणी जीएम म्हणत नाही. बीटी कापूस मात्र भारताच्या सेंद्रिय मानकांत बसत नाही. जनुकसंच दोन्हींकडे माणसानेच हलवलाय, मग रेषा इथेच का ओढली? जुलै 2018मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयासमोर जवळजवळ हाच पेच होता, जीएम कायद्याच्या संदर्भात. उत्परिवर्तनाने घडलेली पिकंही जीएमच, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र दीर्घकाळ सुरक्षितपणे वापरात असलेल्या जुन्या पद्धतींना सूट कायम ठेवली, नव्या पद्धतींना दिली नाही.