डाकार रॅली : एकट्याच्या साहसाकडून पथकाच्या शर्यतीकडे

पॅरिस–डाकार या नावाने सुरू झालेली आणि पुढे नुसती ‘डाकार’ म्हणून रूढ झालेली शर्यत ‘रॅली-रेड’ या प्रकारात मोडते. बंदिस्त मार्गावर फेऱ्या मारण्याऐवजी वाळवंट, खडकाळ पठारे आणि कच्च्या वाटा यांवरून दोन-तीन आठवडे रोज काहीशे किलोमीटर अंतर कापायचे, त्यातला काही भाग घड्याळ लावून आणि उरलेला साध्या रहदारीच्या नियमांनी, असे या प्रकाराचे स्वरूप आहे. घड्याळ लावलेल्या भागाला ‘विशेष टप्पा’ म्हणतात आणि दिवस संपल्यावर सगळ्या गाड्या ज्या उघड्यावरच्या मुक्कामात जमतात, त्याला फ्रेंच सैनिकी परिभाषेतून आलेला ‘बिव्हाक’ हा शब्द आहे. या शर्यतीचा इतिहास विजेत्या चालकांच्या नावांनी सांगण्याची प्रथा असली, तरी ती गेल्या चार दशकांत कशी बदलली हे समजून घ्यायचे, तर चालकाच्या मागे उभ्या असलेल्या पथकाकडे पाहावे लागते. कारण एकट्यादुकट्या हौशी माणसासाठी कल्पिलेली ही शर्यत वाळवंटाच्याच तर्काने पथकाची झाली, आणि झालेले पथक आवरता आवरता आयोजकांची नियमावली वाढत गेली.

तिएरी साबीन (१९४९–१९८६) हे या शर्यतीचे जनक. १९७७ साली अबिजान ते नीस या शर्यतीत मोटारसायकल चालवत असताना ते लिबियाच्या वाळवंटात वाट चुकले आणि शोधपथकाच्या हाती वेळेवर लागले म्हणून वाचले. जिवावर बेतलेल्या या प्रसंगातून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो सामान्य माणसाने काढला नसता : असे वाळवंट पुष्कळांना अनुभवायला मिळावे, असे त्यांना वाटले. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसच्या ट्रोकादेरो चौकातून १८२ वाहने निघाली, सुमारे १०,००० किलोमीटरचा प्रवास करून १४ जानेवारी १९७९ रोजी सेनेगलची राजधानी डाकार येथे ७४ वाहने पोहोचली. मोटारसायकल, मोटार आणि ट्रक अशी वेगळी निकालपत्रके त्या वर्षी नव्हती. सर्वांचा निकाल एकत्र लागला आणि यामाहा एक्सटी ५०० ही एकाच सिलिंडरची मोटारसायकल चालवणारे सिरिल नव्हू पहिले आले. मोटारींमध्ये अग्रभागी राहिलेली रेंज रोव्हर एकत्रित निकालात चौथी होती. क्लोद आणि बर्नार मारो हे दोघे भाऊ रेनो ४ या छोट्या घरगुती गाडीतून पाचवे आले, यावरून त्या पहिल्या वर्षीच्या स्पर्धेचा सूर कळतो. दोन माणसे, एक गाडी, मागच्या आसनाच्या जागी सुटे भाग आणि पेट्रोलचे डबे, एवढेच तेव्हाचे ‘पथक’ होते. हेच भाऊ १९८२ साली चारही चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या रेनो २० मधून मोटारींच्या गटात जिंकले, तोवर गाडी बदलली होती आणि शर्यतही बदलू लागली होती.

मोटारीतील माणसांची विभागणी मात्र सुरुवातीपासून ठरलेली आहे. चालकाच्या शेजारी बसणारा सहचालक गाडी क्वचितच चालवतो. त्याचे काम वाट दाखवण्याचे असल्याने त्याला दिशादर्शक म्हणणे अधिक योग्य. त्याच्या हाती असलेल्या ‘रोडबुक’मध्ये नकाशा नसतो, तर अंतर, दिशेचे अंश आणि खुणांची छोटी चित्रे यांच्या ओळी असतात : अमुक किलोमीटरवर कोरडा ओढा, तिथून इतक्या अंशांवर वळण, पुढे धोक्याची दोन किंवा तीन उद्गारचिन्हे. उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रणा शर्यतीत १९९२ पासून आली. परंतु आयोजकांनी दिलेले यंत्र ठरावीक अंतरात आल्यावरच पुढचा बिंदू दाखवत असल्याने दिशादर्शकाची विद्या अजून निरुपयोगी झालेली नाही. १९८३ साली तेनेरेच्या वाळवंटात उठलेल्या वादळात चाळीसएक स्पर्धक भरकटले होते, तर १९८२ साली ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे पुत्र मार्क सहा दिवस बेपत्ता होते आणि अल्जीरियाच्या लष्कराने त्यांचा शोध लावला. मोटारसायकलस्वाराला तर चालक, दिशादर्शक आणि मेकॅनिक या तिन्ही भूमिका एकट्यानेच पार पाडाव्या लागतात, आणि रोडबुक हँडलवर लावून ते चालत्या गाडीवर वाचावे लागते. १९८७ साली ह्युबेर ओरिओल दोन्ही घोटे मोडलेल्या अवस्थेत टप्प्याच्या शेवटापर्यंत आले आणि हातातोंडाशी आलेला विजय सोडून त्यांना थांबावे लागले.

कारखान्यांनी या शर्यतीत पैसा ओतायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यात आधी लक्षात आले ते हे की वाळवंटात वेगापेक्षा सुटा भाग महत्त्वाचा. तुटलेला आस दुरुस्त करायला जवळचे गाव दोनशे किलोमीटरवर असते आणि शर्यतीच्या मार्गावर बाहेरची मदत घेता येत नाही. पण दुसऱ्या स्पर्धकाची मदत मात्र चालते. या एका सवलतीतून ‘वेगवान मदत’ ही युक्ती निघाली, म्हणजे स्पर्धक म्हणून नोंदवलेली, परंतु प्रत्यक्षात पुढच्या गाडीसाठी सुटे भाग वाहून नेणारी गाडी. पोर्शे कंपनीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. बेल्जियमचे नामांकित चालक जॅकी इक्स १९८३ साली अभिनेते क्लोद ब्रासर यांना दिशादर्शक म्हणून सोबत घेऊन मर्सिडीजमधून जिंकले होते. त्यांच्याच आग्रहाने पोर्शेने १९८४ साली चारही चाकांनी चालणाऱ्या ९११ गाड्या उतरवल्या आणि रने मेज पहिले आले. पुढच्या वर्षी तिन्ही गाड्या बाद झाल्या. १९८६ साली ९५९ या नव्या गाड्या आल्या, तेव्हा मेज पहिले व इक्स दुसरे आले. तिसऱ्या गाडीत कंपनीचे अभियंते रोलांट कुसमाउल सुटे भाग घेऊन मागून येत होते आणि दुरुस्तीसाठी धावत-धावत तेही सहावे आले. मदतीची गाडी पहिल्या दहांत येते, हे त्या काळच्या पथकाच्या ताकदीचे यापेक्षा चांगले मोजमाप सांगता येणार नाही. त्याच शर्यतीत १४ जानेवारी १९८६ रोजी मालीमध्ये हेलिकॉप्टर कोसळून साबीन आणि गायक दानिएल बालाव्वान यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर साबीन यांचे वडील जिल्बेर यांनी आयोजनाची सूत्रे हाती घेतली.

पथकाचे आधुनिक रूप प्युजोने घडवले, असे म्हणायला हरकत नाही. संघप्रमुख जाँ तोद यांनी आणलेली शिस्त रस्त्यावरच्या रॅलींतून आलेली होती : ठरलेले मेकॅनिक, ठरलेला क्रम आणि संघाचा शब्द अखेरचा. १९८७ साली फिनलंडचे आरी वातानेन सुरुवातीच्याच चाचणी-टप्प्यात अपघात होऊन २७४ व्या क्रमांकावर फेकले गेले, तरी अखेरीस जिंकले. एवढी पिछाडी भरून काढणे चालकाच्या कौशल्याइतकेच त्याच्या मागच्या माणसांच्या रात्रपाळीचे फळ होते. १९८८ साली बामाको येथे वातानेन यांची गाडीच चोरीला गेली. ती सापडली, पण उशीर झाल्याने ते बाद ठरले आणि त्याच संघाचे युहा कांकुनेन विजयी झाले. १९८९ साली वातानेन आणि प्युजोकडे आलेले इक्स एकमेकांशी भिडू लागले, तेव्हा दोन्ही गाड्या गमावण्याची भीती वाटून तोद यांनी दहा फ्रँकचे नाणे उडवून विजेता ठरवला. कौल वातानेन यांच्या बाजूने लागला. खेळाच्या दृष्टीने ही गोष्ट लाजिरवाणी होती, हे मान्य करावे लागेल. परंतु पथक आणि स्पर्धक यांपैकी मालक कोण, हा प्रश्न त्या नाण्याने कायमचा निकाली काढला.

ट्रकची कथा याहून विचित्र आहे, कारण जो ट्रक मुळात इतरांचे सामान वाहायला होता, तोच स्पर्धक बनला. १९८० पासून ट्रकना स्वतंत्र वर्ग मिळाला आणि पहिले विजेतेपद अल्जीरियात बांधलेल्या सोनाकोम ट्रकला गेले. नेदरलँड्सच्या यान डे रॉय यांनी दोन इंजिनांचे डाफ ट्रक आणले आणि ते आघाडीच्या मोटारींनाही मागे टाकू लागले. पण १९८८ साली त्यांच्याच संघाचा दुसरा ट्रक उलटून दिशादर्शकाचा मृत्यू झाला आणि १९८९ साली ट्रकचा वर्गच बंद ठेवण्यात आला. नंतरच्या काळात तातारस्तानातील कामाझ कारखान्याच्या संघाने या वर्गावर राज्य केले. १९९६ मधील पहिल्या विजयापासून २०२२ पर्यंतच्या या राजवटीत एकट्या व्लादिमिर चागिन यांनी सात वेळा विजय मिळवला आणि पुढे तेच संघाचे प्रमुख झाले. ट्रकमध्ये चालक, दिशादर्शक आणि मेकॅनिक असे तिघे बसतात. संपूर्ण डाकारमध्ये मेकॅनिकला गाडीच्या आत हक्काची जागा देणारा हा एकमेव मोठा वर्ग म्हणता येईल.

मोटारसायकलींत केटीएम कंपनीने २००१ ते २०१९ या काळात एकही विजेतेपद दुसऱ्याच्या हाती जाऊ दिले नाही. त्यामागे सायकल-शर्यतीतून उचललेली ‘पाणक्या’ची पद्धत होती : संघातला दुसरा स्वार स्वतःच्या क्रमांकाची पर्वा न करता मुख्य स्वाराजवळ राहतो आणि वेळ आली तर स्वतःचे चाक काढून त्याला देतो. पोर्तुगालचे रुबेन फारिया हे सिरिल देप्रे यांचे असे पाणके होते. २०१३ साली देप्रे पाचव्यांदा जिंकले, तेव्हा फारिया दुसरे आले.

पथके मोठी झाली तशी टीकाही वाढली. गरीब देशांच्या गावांतून वेगाने जाणाऱ्या श्रीमंतांच्या ताफ्याला आफ्रिकेत आणि युरोपातही विरोध झाला. स्पर्धक, कर्मचारी, पत्रकार आणि वाटेवरचे गावकरी मिळून आजवर सत्तरहून अधिक माणसे या शर्यतीत मरण पावली आहेत, आणि गावकऱ्यांची नावे क्वचितच कुणाला आठवतात. मॉरिटानियात डिसेंबर २००७ मध्ये चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाल्यावर २००८ ची शर्यत सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाली. २००९ ते २०१९ ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात होत आहे.

आयोजकांचे नियम या काळात सातत्याने पथकाचे पंख छाटत आले. ‘मॅरेथॉन टप्पा’ म्हणजे ज्या रात्री मेकॅनिकला गाडीजवळ येता येत नाही असा टप्पा. श्रीमंत संघ आदल्या संध्याकाळी मिळालेले रोडबुक तज्ज्ञांकडून संगणकावर तपासून घेत असत. म्हणून २०२१ पासून ते सकाळी, निघण्याच्या थोडे आधी मिळू लागले. त्याच वर्षी मोटारसायकलींच्या मागच्या टायरांवर सहाची मर्यादा आली. २०२४ मध्ये तर ४८ तासांचा टप्पा योजला गेला, ज्यात दुपारी चारनंतर जो जिथे असेल त्याने जवळच्या छावणीत तंबूत राहायचे, संघाशी संपर्क नाही. याउलट कोणतेही पथक न घेता येणाऱ्या मोटारसायकलस्वारांसाठी एक वेगळा गट आहे. त्यांची सामानाची एक पेटी आयोजक वाहून नेतात आणि दुरुस्ती ते स्वतः करतात. १९७९ ची शर्यत कशी होती हे पाहायचे असेल, तर आज या गटाकडेच पाहावे लागते.

भारताचा संबंध या सगळ्यात उशिरा आला. बेंगळुरूचे सी. एस. संतोष २०१५ साली डाकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०१७ पासून हिरो कंपनीचे पथक उतरू लागले. १२ जानेवारी २०२० रोजी या पथकाचे पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस यांचा सौदी अरेबियात अपघाती मृत्यू झाला आणि संघाने माघार घेतली. पण २०२२ साली जोआकिम रॉड्रिग्ज यांनी टप्पा जिंकला व २०२४ साली बोट्सवानाचे रॉस ब्रँच एकूण निकालात दुसरे आले. स्वार परदेशी, अभियांत्रिकीचे बरेचसे काम जर्मनीत आणि नाव भारतीय, अशा पथकाला भारतीय म्हणावे का, ही शंका रास्त असली, तरी डाकारमध्ये अशी मिश्रणे जुनीच आहेत : मित्सुबिशी या जपानी कंपनीच्या बारा विजयांतही कितीतरी चालक युरोपीय होते. भारतीय स्वाराचे श्रेय मात्र हरित नोआ यांच्याकडे जाते. टीव्हीएस कंपनीने फ्रान्सच्या शेर्कोबरोबर उभारलेल्या संघातून ते २०२४ साली अकरावे आले आणि ‘रॅली-२’ या वर्गात पहिले ठरले. त्यानंतरच्या वर्षी पुण्याचे संजय टकले ‘डाकार क्लासिक’मध्ये उतरले, जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून घेतल्या जाणाऱ्या या स्पर्धेत सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही, तर ठरवून दिलेला सरासरी वेग अचूक राखणारी गाडी जिंकते, आणि तो राखण्याचे निम्मे काम दिशादर्शकाचे असते.