पोर्ट मोकळा करताना : प्रस्तावना

रत्नागिरी आणि निवसर या स्थानकांदरम्यान कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल आहे. तिथे वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवलेले आहे. वारा फार वाढला की गाड्यांवर निर्बंध येतात. अशी अडचणीच्या जागी एकटी उभी असलेली यंत्रे आपल्या जिल्ह्यात जागोजागी आहेत. त्यांच्याशी दुरून बोलण्याचे जे शास्त्र आहे, त्यात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे मनापासून स्वागत.

राउटर, स्विच, उपकेंद्रातले रिले यांतल्या अनेकांना आजही सिरियल पोर्ट असतो. त्यामागचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे. असे आठ, सोळा किंवा अठ्ठेचाळीस पोर्ट एकत्र करून नेटवर्कवर आणणाऱ्या उपकरणाला कन्सोल सर्व्हर म्हणतात. नेहमीचे नेटवर्क बसले की यंत्रापर्यंत पोचायची हीच वाट उरते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे केले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. अशा दिवशी नेमका हवा तो पोर्ट कुणीतरी अडवून ठेवलेला निघाला, तर ती वाट असून नसल्यासारखी.

जोडणी सगळेच शिकवतात. पोर्ट नीट सोडवणे मात्र क्वचितच शिकवले जाते, आणि माझ्या मते खरे कौशल्य तिथेच आहे.

समजा, काम चालू असताना तुमच्याकडची वीज गेली. कन्सोल सर्व्हरला याचा पत्ताच नाही. त्याच्या लेखी तुम्ही अजून जोडलेलेच आहात. टीसीपीची जिवंतपणाची चाचणी मुळात बंद असू शकते, आणि चालू असली तरी तिचा रूढ अवधी दोन तासांचा असतो. तोवर दुसऱ्याला ‘पोर्ट व्यस्त’ एवढेच उत्तर मिळते. मग प्रशासकाने आत शिरून कोण बसले आहे ते पाहायचे आणि ते सत्र तोडायचे.

पण नेटवर्कचे सत्र तुटले म्हणजे तारेपलीकडचे सत्र संपले असे नाही. सर्व्हरने डीटीआर ही रेषा खाली आणली, तर पलीकडच्या यंत्राला माणूस गेल्याचे कळू शकते आणि ते लॉगआउट करते. केबलमध्ये पाठवणे, घेणे आणि ग्राउंड एवढ्या तीनच तारा असतील, तर हा निरोप पोचतच नाही. आदल्या माणसाचे पूर्ण अधिकारांचे लॉगिन तसेच उघडे राहते आणि पुढचा येणारा पासवर्ड न देता थेट त्यात उतरतो. यापेक्षा मोठे भगदाड मला ठाऊक नाही.

उलट प्रकारही घडतो. ९६०० च्या वेगात एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो. रेषा त्याहून जास्त वेळ शून्याच्या स्थितीत राहिली की यंत्र त्याला ‘ब्रेक’ समजते. सन कंपनीच्या स्पार्क सर्व्हरवर ब्रेक आला की चालू काम जागीच थांबून ‘ओके’ची खूण पडद्यावर येई. जोडलेला टर्मिनल सर्व्हर नुसता बंद केल्यानेही चालते सर्व्हर असे थिजलेले आहेत.

म्हणून या पुस्तकात केबलच्या तारांचे प्रकरण आज्ञांच्या आधी घेतले आहे. पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी ते मल्टिमीटर हातात घेऊनच वाचावे: आधी डीटीआरचा व्होल्टेज मोजावा, मग सत्र तोडावे आणि तो उतरतो का ते पाहावे.