पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क का जातं? फ्रिक्वेन्सी बँड आणि वेव्हगाइड समजून घ्या

चाकण किंवा भोसरी एमआयडीसीत कामाला असाल तर हा रोजचा अनुभव आहे. गेटवर फुल 5जी, शेडमध्ये शिरलं की रेंज गायब. ओटीपी येत नाही, घरचा कॉल लागत नाही. याचं कारण लहरीची लांबी आणि धातू यांच्यात आहे.

बँड म्हणजे काय?

सरकार रेडिओ लहरींचे पट्टे पाडून लिलावात कंपन्यांना देतं. असा एकेक पट्टा म्हणजे बँड. फ्रिक्वेन्सी वाढली की लहर आखूड होते. 300 ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मीटरमध्ये मिळते.

- 700 मेगाहर्ट्झ (एन28): सुमारे 43 सेंमी
- 1800 मेगाहर्ट्झ: सुमारे 17 सेंमी
- 2400 मेगाहर्ट्झ (वायफाय): 12.5 सेंमी
- 3500 मेगाहर्ट्झ (एन78): सुमारे 8.6 सेंमी

700 ची लहर दूर पोचते आणि विटांच्या भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. एन78 मध्ये कंपन्यांना रुंद पट्टा मिळतो, म्हणून स्पीड जास्त. पण पल्ला कमी.

पत्रा काय करतो?

बँड कुठलाही असो, धातूवर आदळलेली लहर परत फिरते. शेडमध्ये सिग्नल येतो तो शटर, खिडक्या आणि छतावरच्या फायबर शीटमधून.

वेव्हगाइड म्हणजे काय?

धातूचा हाच गुण वापरून केलेली पोकळ नळी. लहर भिंतींवर आपटत नळीतूनच पुढे जाते, बाहेर सांडत नाही. अट एकच: चौकोनी नळीची रुंदी अर्ध्या लहरीपेक्षा जास्त हवी. 10 सेंमीच्या चौकोनी डक्टमधून 3500 ची लहर जाईल, कारण तिचा अर्धा भाग 4.3 सेंमी. 700 चा अर्धा भाग 21 सेंमी, म्हणून ती तोंडाशीच विझत जाते. या मर्यादेला कट-ऑफ फ्रिक्वेन्सी म्हणतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराची जाळी बघा. आतली लहर 12 सेंमीची आणि भोकं एक-दोन मिलिमीटरची. उजेडाची लहर अतिसूक्ष्म, म्हणून अन्न दिसतं, पण मायक्रोवेव्ह आतच राहतात.

चाकणची गाडी, 4 मिलिमीटरची लहर

महिंद्राच्या चाकण प्लांटमध्ये बनलेली, 2021 मध्ये आलेली एक्सयूव्ही700 घ्या. तिच्या वरच्या मॉडेल्समध्ये पुढच्या गाडीवर लक्ष ठेवणारं रडार असतं. गाड्यांची अशी रडार साधारण 76 ते 81 गीगाहर्ट्झवर चालतात. लहर जेमतेम 4 मिलिमीटर. या बँडसाठीचा प्रचलित वेव्हगाइड आतून फक्त 3.1 मिलिमीटर रुंद असतो. नियम तोच, मापं वेगळी.

तुम्ही काय कराल?

- शेडमध्ये शटर किंवा फायबर शीटजवळ उभे राहून कॉल लावा.
- वायफाय मिळत असेल तर सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा.
- फोन घेताना नुसतं ‘5जी’ बघू नका, बँडची यादी वाचा. 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झ फक्त जिओने घेतला. जिओ वापरत असाल तर एन28 आणि एन78 दोन्ही हवेत, असं मी प्रत्येकाला सांगतो.